‘कोट मारा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

“फरशीला एकदा कोट मारून घ्या, मग आयुष्यभर बघायला नको.” जालन्यात घराचं काम काढलेल्या प्रत्येकाच्या कानावर हे वाक्य पडतं. हार्डवेअरच्या काउंटरवर पडतं, पॉलिशवाल्याच्या तोंडून पडतं. हल्ली तर नातेवाईक आणि शेजारीही तेच सांगतात, कारण त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलेलं असतं. दगडाच्या प्रत्येक फरशीला कोट लागतोच, कोट म्हणजे वर दिसणारा चकचकीत थर, आणि तो एकदा मारला की जन्माची निश्चिंती, अशा तीन गोष्टी या एका वाक्यात गृहीत धरलेल्या आहेत. तिन्ही चूक आहेत. नुसते पैसे वाया जात असते तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण चुकीचा कोट चांगल्या फरशीची नासाडी करतो, आणि मग “शहाबादीत काही राम नाही” असं म्हणत ती उखडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरली जाते. पन्नास-साठ वर्षं पायाखाली टिकलेला दगड गावाबाहेरच्या खड्ड्यात जातो. हे थांबायला हवं, म्हणून हा प्रतिवाद.

आधी आपल्या पायाखाली काय आहे ते नीट समजून घेऊ. जालना जिल्हा बसलाय काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर. आपल्या विहिरी, बारवा, देवळं, जुन्या वाड्यांची जोती या काळ्या पाषाणाची. पण या दगडाच्या पातळ, सपाट लाद्या सहज निघत नाहीत. म्हणून फरशी बाहेरून आली. शहाबाद, तांदूर आणि जालना ही तिन्ही ठिकाणं 1948 पर्यंत निजामाच्या एकाच राज्यात होती. भीमेच्या खोऱ्यातल्या शहाबाद-तांदूरच्या खाणींत दगडाचे थर असे एकावर एक बसलेत की पहार घातली की लादी सुटते. ती निळसर करडी लादी मराठवाड्यातल्या घराघरांत, शाळांत आणि देवळांच्या आवारांत पसरली. पुढे राजस्थानातून कोटा आला, आंध्रातून ओट्यासाठी कडप्पा आला, ऐपत असलेल्यांकडे मकराण्याचा संगमरवर आला.

ही नावं वेगळी असली तरी शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा हे चारही चुनखडीचे दगड आहेत, आणि संगमरवर म्हणजे भूगर्भातल्या उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेली चुनखडीच. शहाबाद आणि वाडीला सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच दगडाच्या जोरावर. घरात वापरल्या जाणाऱ्या दगडांत ग्रॅनाइट तेवढा वेगळ्या जातीचा. फरशीला काय लावायचं आणि काय लावायचं नाही, याचा निम्मा निकाल इथेच लागतो. पण कोट विकणाऱ्यानं “तुमची फरशी कुठली?” असं विचारल्याचं मी क्वचितच ऐकलंय. तो फक्त “किती स्क्वेअर फूट?” एवढंच विचारतो.

या मंडळींचा सर्वांत घातक सल्ला सीलरच्या, म्हणजे या कोटाच्या, आधीचा आहे: “पहिले ॲसिडनं धुऊन घ्या, नाहीतर कोट धरत नाही.” बाटलीतलं किंवा कॅनमधलं स्वस्त ॲसिड बादलीभर पाण्यात ओतून कोट्यावर टाकलं की फस्स करून फेस येतो. घरातली माणसं बघत उभी असतात आणि त्यांना वाटतं, बघा किती मळ निघतोय. तो मळ नसतो. चुनखडी आणि आम्ल एकत्र आले की दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. फेस दगडाचाच असतो. घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग काही मिनिटांत खडबडीत होतो, छिद्रं उघडी पडतात, सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि मागे राहिलेले क्षार दगडाच्या आत मुरतात. मग तोच कारागीर ओलं बोट फिरवून दाखवतो: “बघा, किती पाणी पितेय फरशी, दोन कोटानं भागणार नाही.” तहान त्यानंच लावलेली असते.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण अनुभवी पॉलिशवाले लगेच म्हणतील की आम्हीही शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक पावडर वापरतो. बरोबर आहे. कार्बोरंडमच्या बट्ट्या क्रमानं फिरवून झाल्यावर ऑक्झॅलिकची पूड घासली, तर ती चुनखडीच्या पृष्ठभागाशी संयोग पावून कमी विरघळणारा कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार करते आणि झळाळी वाढते. ती घोटाईतली जुनी, समजून केलेली पायरी आहे. संडासाच्या भांड्यासाठी विकलं जाणारं ॲसिड बादलीनं ओतणं ही तिची बरोबरी नव्हे. नव्या फरशीवर सिमेंटचे ठिपके राहिले असतील तर पट्टीनं हलके खरवडावेत, नाही निघाले तर मशीनचा एक हात फिरवून घ्यावा. ॲसिड नको, पातळ करून नको, “थोडंसं” सुद्धा नको.

याच अज्ञानातून दुसरा दावा येतो: कोट मारला की लिंबू सांडू द्या, ताक सांडू द्या, काही होत नाही. जालना हा मोसंबीचा जिल्हा, इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. उन्हाळ्यात घरोघरी रस निघतो आणि कोट्यावर थेंब पडतात. पुसून घेतल्यावरही तिथे फिकट, निस्तेज वर्तुळ उरतं. लिंबानं, चिंचेच्या कोळानं, टोमॅटोनं ते आणखी ठळक उमटतं. लोक त्याला डाग म्हणतात, पण दगडात तिथे काही शिरलेलं नसतं. उलट दगडाचाच बारीक थर गेलेला असतो. आत मुरणारा उत्तमातला उत्तम सीलर हे थांबवू शकत नाही, कारण तो छिद्रांत बसतो आणि आम्ल पृष्ठभागावर हल्ला करतं. त्यावर उपाय एकच, सांडलं की लगेच पुसणं. आणि वर्तुळ उमटलंच तर तेवढी जागा पुन्हा घोटून घेणं. हे खरेदीच्या वेळीच गिऱ्हाइकाला सांगितलं पाहिजे. सांगत नाहीत, म्हणून चांगला सीलर लावलेल्यांनाही फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

आता चकाकीकडे वळतो, कारण खरा वाद तिथे आहे.

बाजारात सीलर म्हणून जे मिळतं त्याचे ढोबळ दोन वर्ग आहेत. एक दगडाच्या वर पातळ पडदा धरणारा. त्यात ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी, आणि आपल्याकडे सर्रास फासलं जाणारं लाकडाचं वॉर्निशसुद्धा येतं. दुसरा दगडाच्या छिद्रांत उतरून आतून अस्तर धरणारा. त्यात सायलेन, सिलॉक्सेन, फ्लोरोपॉलिमर अशी रसायनं असतात. तो वाळल्यावर दिसत नाही. पहिला चमकतो म्हणून विकला जातो. दुसरा दिसत नाही म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं पैसे पाण्यात गेले. आपल्या जिल्ह्यातल्या घरांना मात्र बहुतेक वेळा पहिला बाधतो.

का बाधतो ते जुन्या जालन्यातल्या किंवा कादराबादेतल्या कुठल्याही जुन्या घरात कळेल. या घरांच्या जोत्यांत ओल अडवणारा थर नाही. माती, त्यावर मुरूम, त्यावर चुना किंवा सिमेंट आणि त्यावर शहाबादी. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर चढते आणि दगडातून, त्याहून जास्त सांध्यांतून, वाफ होऊन निघून जाते. घर असं कोरडं राहतं. त्यावर पडदा ओढला की वाफेला वाट उरत नाही. त्यात आपल्या बोअरचं पाणी जड. जमिनीत क्षार, पाण्यात क्षार. पूर्वी हे क्षार फरशीवर पांढऱ्या बुरशीसारखे उमटायचे, आपण त्याला लोणा म्हणतो आणि कोरड्या झाडूनं झाडून टाकतो. पडद्याखाली अडकल्यावर तेच क्षार दगडाच्या वरच्या थराच्या आत स्फटिक धरतात. स्फटिक वाढतो तशी त्याला जागा लागते, आणि तो दगडाचा पापुद्राच उचलतो. शहाबादी तर थराथराचाच दगड, तो लवकर सुटतो.

अंबडला माझ्या मावशीच्या घरी ढाळजेतली फरशी उन्हाळ्यात अशीच “कोट मारून” घेतली होती. गौरी-गणपतीला गेलो तेव्हा उंबऱ्यालगत तीन-चार लाद्यांवर दुधी ढग दिसत होते. नखानं कड उचलली तर पारदर्शक साल वीतभर निघाली. तिच्या पोटाशी पांढरी पूड, आणि पुडीला चिकटून दगडाची करडी कपची, कांद्याच्या पातीइतकी पातळ. खालचा दगड मऊ, पिठूळ झाला होता. मावशी त्यावरून हात फिरवून म्हणाली, “अरे, ही फरशी माझ्या लग्नाच्या आधीची.” ज्यानं काम केलं त्याला बोलावलं तर म्हणाला, तुम्ही पाणी जास्त वापरता. फरशी पुसायची नाही तर काय करायची? मग सगळा थर रसायनानं मऊ करून खरवडावा लागला. काढायला जो खर्च आला तो लावायच्या खर्चाहून जास्त होता, आणि गेलेले पापुद्रे परत आले नाहीत.

कोणी म्हणेल, एका घरावरून निष्कर्ष काढू नका. मग एका घरापुरतं न बघता आपल्याच भागातलं जगप्रसिद्ध उदाहरण घेऊ. भोकरदनहून अजिंठा फार लांब नाही. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्यानं, गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत, लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याच्या चित्रांच्या डागडुजीसाठी आणलं. सुटणारे पोपडे धरावेत, रंग उठून दिसावेत म्हणून लाखेचं वॉर्निश वापरलं गेलं. हेतू चांगला होता, माणसं जाणकार होती, आणि तेव्हा चित्रं उजळलीही. पुढे तो थर पिवळा पडला, त्यानं धूळ-काजळी धरली, तडकला, आणि आपल्याबरोबर रंगही ओढू लागला. नंतरच्या कित्येक वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ती लाख फार जपून, थोडी थोडी करून काढावी लागली आहे. चित्र आणि फरशी एक नाही, मान्य. पण वाफ सोडणाऱ्या पृष्ठभागावर चकाकणारा पडदा चढवला की काय होतं, याचा धडा मराठवाड्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळालाय.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त खटकते. आपल्या न्हाणीत, मोरीत, अंगणात टाकीची खरबरीत शहाबादी घालायचे ती पाय घसरू नये म्हणून. तिच्यावर चकाकीचा थर दिला की पाणी पडताच ती साबणासारखी निसरडी होते. घरातली म्हातारी माणसं पहाटे अंधारात तिथूनच जातात. सत्तरीतल्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं की ती पुन्हा आपल्या पायांनी चालेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. फरशी “दिसते छान” म्हणून हा धोका घरात आणणं मला अक्षम्य वाटतं.

आता विरुद्ध बाजूचं खरं दुःखही मान्य केलं पाहिजे. ज्या बाईला रोज स्वयंपाकघराची फरशी घासावी लागते, तिला चमक हवी असते ती हौसेपोटी नाही. तेलाचा थेंब कोट्यात शिरला की काळा ठिपका कायमचा राहतो. हळद सांडली की पिवळं पडतं आणि साबण लागला की ते लालसर होतं. उन्हाळ्यात लोखंडी स्टँडवरचा कूलर एका जागी उभा राहिला की चार पायांचे चार गंजाचे शिक्के फरशीवर उमटतात. जड पाण्याची पांढरी साय नळाखाली जमते. हा त्रास खरा आहे. “आमच्या आजीच्या घरात कुणी सीलर लावला होता?” असं म्हणणाऱ्यांशीही म्हणूनच मी सहमत नाही. आजीच्या घरात स्वयंपाकाची जागा सारवलेली होती, सांडलेलं तेल शेणामातीत जिरायचं आणि चार दिवसांनी नवं सारवण व्हायचं. दगड बाहेर, ओसरीवर होता. आज तोच दगड मशीननं घोटून गॅसच्या ओट्याखाली बसलाय. त्याच्याकडून मागणी बदलली, तर काळजीही बदलणारच.

तेव्हा सीलर लावावा, पण कुठे लावायचा ते दगडाला विचारून. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. कोरड्या, स्वच्छ फरशीवर तीन-चार ठिकाणी चमचाभर पाणी ठेवावं आणि पंधरा मिनिटं थांबावं. एका ठिकाणी कोपऱ्यात तेलाचा थेंबही ठेवून बघावा. पाणी पुसल्यावर दगड काळपट झालेला नसेल, तर त्याला काही लावायची गरज नाही. पाच मिनिटांच्या आत काळपट पडला, तर तो पितोय, त्याला मदत हवी. एका घरातल्या एकाच खोलीतही उत्तरं वेगवेगळी येतात. घोटलेल्या ग्रॅनाइटवर बहुतेक वेळा थेंब तसाच उभा राहतो, आणि तरीही ग्रॅनाइटच्या ओट्याला “कोट” मारून पैसे घेणारे आहेत. घट्ट दगडात सीलर उतरतच नाही, तो वर चिकट धुरकटपणा होऊन बसतो.

ही नुसती घरगुती युक्ती आहे असं समजू नये. दगड किती पाणी शोषतो हे मोजायची रीतसर पद्धत भारतीय मानक 1124 मध्ये लिहिलेली आहे. अमेरिकी मानकं संगमरवराला वजनाच्या 0.20 टक्के आणि ग्रॅनाइटला 0.40 टक्के एवढंच पाणी शोषायची मुभा देतात. चुनखडीला मात्र प्रकारानुसार 3 पासून 12 टक्क्यांपर्यंत. एका जातीत आणि दुसऱ्या जातीत कित्येक पटींचं अंतर असताना सगळ्यांना एकच डबा विकणं याला सल्ला म्हणता येत नाही.

डबा निवडताना चार गोष्टी विचाराव्यात. हा आत मुरणारा आहे की वर पडदा धरणारा? वाफ बाहेर जाऊ देतो का? फक्त पाणी अडवतो की तेलही? पाण्यात केलेला आहे की सॉल्व्हंटमध्ये? साधे सायलेन-सिलॉक्सेनवाले सीलर पाणी चांगलं अडवतात, तेलापुढे मात्र कमी पडतात. शिवाय ही रसायनं सिलिका असलेल्या दगडाला, म्हणजे ग्रॅनाइट, वालुकाश्म किंवा आपला काळा पाषाण यांना जशी घट्ट धरतात तशी निव्वळ चुनखडीला धरत नाहीत. स्वयंपाकघरातल्या कोट्याला तेल अडवणारा हवा, म्हणजे फ्लोरोपॉलिमर असलेला. पण फ्लोरिनची ही रसायनं निसर्गात सहजी मोडत नाहीत, म्हणूनही ती घरभर ओतू नयेत. ओट्याखालचा आणि जेवायच्या जागेचा पट्टा पुरे. ओसरी, बैठक, देवघर यांना बहुधा काहीच लागत नाही. न्हाणीत आणि जिथे जमिनीची ओल चढते तिथे आधी ओलीचा बंदोबस्त करावा. सीलर ओल थांबवत नाही. तसं सांगणारा माणूस चुकीचं सांगतोय, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

लावायची पद्धत मी थोडी तपशिलानं सांगतो, कारण चांगला सीलरही इथेच बिघडतो. नवी फरशी बसवली असेल तर सांधे भरून महिनाभर तरी जाऊ द्यावा, सिमेंटमधलं पाणी निघायला तेवढा वेळ लागतो. घाईच्या वास्तुशांतीपायी हा महिना खाल्ला जातो आणि पुढे दुधी डाग उठतात. जुनी फरशी असेल तर तिच्यात मुरलेलं तेल आधी काढावं. मुलतानी माती किंवा खडूची पूड सौम्य साबणाच्या पाण्यात कालवून जाडसर लेप द्यावा, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवावं आणि वाळल्यावर खरवडावं. गरज पडली तर पुन्हा. ताजमहालाच्या संगमरवरावरचा मळ काढायला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचाच लेप वापरत आलंय, त्यामुळे हा उपाय कमी प्रतीचा समजू नये. मग साध्या सौम्य साबणानं धुऊन फरशी दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यावी. खात्री करायची तर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं फरशीवर चिकटवून एक दिवस ठेवावा. काढल्यावर खाली दव दिसलं, तर अजून लावायचं नाही.

हंगामही बघावा. पावसाळ्यात नाही. एप्रिल-मेमध्येही नाही, कारण आपल्याकडे दुपारी फरशीच इतकी तापते की सीलर आत उतरायच्या आधी वरच वाळतो आणि ओघळ धरतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस उत्तम, तेही सकाळी. आधी कपाटामागच्या एका लादीवर लावून दुसऱ्या दिवशी रंग बघावा, कारण काही सीलर दगड गडद करतात. मग ब्रशनं किंवा मऊ पोतेऱ्यानं सारखा ओला थर द्यावा, सांध्यांवर विशेष लक्ष देऊन, कारण दगडाहून सांधाच जास्त पितो. डब्यावर लिहिलेली मिनिटं, बहुधा पाच ते पंधरा, झाली की जेवढं वर उरलंय ते सगळं कोरड्या सुती कापडानं पुसून घ्यावं. सगळं. “राहू द्या, जाड बसेल” ही कारागिराची समजूत इथे फरशी बिघडवते. वर राहिलेला भाग चिकट होतो, त्यावर पायाची माती बसते आणि फरशी आधीहून काळी दिसते. थेंबाची परीक्षा पुन्हा घ्यावी, दगड अजून पीत असेल तरच दुसरा हात. पुढचा एक दिवस पाणी लावू नये. सॉल्व्हंटचा सीलर असेल तर खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरातली समई त्या दिवशी लावायची नाही. त्याची वाफ पेट घेते.

आणि हे जन्मभर टिकत नाही. वर्दळीच्या स्वयंपाकघरात दोन-तीन वर्षांत, शांत खोलीत त्याहून उशिरा, पाणी पुन्हा शिरू लागतं. तेव्हा तेवढ्याच पट्ट्याला पुन्हा हात द्यायचा. “आयुष्यभर” या शब्दावर पैसे देऊ नका. रोजच्या पुसण्यात ॲसिडवाले, लिंबाच्या आम्लाचे क्लीनर टाळले, तर लावलेलं जास्त दिवस राहतं.

एका बाबतीत मात्र मी कुठलीच सवलत द्यायला तयार नाही. जिल्ह्यातल्या जुन्या देवळांच्या दगडाला गावकऱ्यांनी वर्गणी काढून ऑइलपेंट, वॉर्निश किंवा “कोट” देऊ नये. अन्व्याच्या मढाइतकं जुनं मंदिर असो की वाडीवरचं छोटं देऊळ, श्रद्धेनं केलेला तो खर्च पाषाणाला मारतो. पंढरपूरला विठ्ठल मंदिरात 2024 मध्ये नंतरच्या काळातले थर काढून मूळ दगड मोकळा करण्याचं काम झालं, ते आपल्या पुढाऱ्यांनी आणि विश्वस्तांनी जाऊन पाहावं.

दुकानदारांशी आणि कारागिरांशी माझं वैर नाही. त्यांतले कित्येक जण मनापासून सांगतात, त्यांना कंपनीच्या माणसानं जे सांगितलं तेच. म्हणून माझी मागणी साधी आहे. बिलावर चार ओळी लिहून द्या: फरशीचा दगड कुठला, सीलर आत मुरणारा की पडदा धरणारा, थेंबाची परीक्षा घेतली का आणि निकाल काय, आणि पुन्हा कधी तपासायचं. गिऱ्हाइकानं या चार ओळी मागून घ्याव्यात, सही-तारखेनिशी. ज्याला त्या लिहून द्यायच्या नाहीत, त्याच्या हाती आपली फरशी देऊ नका.